घरात तीन गाड्या आणि ऑइलचा एकच डबा: चालेल का?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, जांबोटीकडून आलाय. घरात तीन गाड्या. वडिलांची स्प्लेंडर, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला जाते, एका बाजूचं अंतर दोन-तीन किलोमीटर. थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. त्याची २०१७ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० तो सुट्टीवर आला की चालते, एरवी पडवीत ताडपत्रीखाली. तिसरी वहिनीची अ‍ॅक्टिव्हा, रोज खानापूरला शाळेत. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की तिन्ही गाड्यांना २०डब्ल्यू-५० या जाड ऑइलचा एकच मोठा डबा घेतला तर स्वस्तात पडेल का? दुकानदारानं सांगितलंय, "घाटाची गाडी आहे, गट्टी ऑइल हाक्री", म्हणजे जाड ऑइल घाला. मेकॅनिक म्हणतो स्प्लेंडरला ऑइल फिल्टर नसतोच, तर तो फसवतोय का? ऑइल घरीच बदलावं का? आणि जाता जाता एक ओळ: स्प्लेंडरच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरी मलई दिसते, इंजिन गेलं का?

आधी थोडक्यात. एका डब्यात तिन्ही गाड्या भागणार नाहीत. मेकॅनिक खरं बोलतोय, पण अर्धंच. इंजिन गेलेलं नाही. आणि तुम्ही शेवटी घाईत लिहिलेली ती मलईची ओळच तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण आपल्या भागात इंजिन चुकीच्या कंपनीच्या ऑइलनं क्वचित जातं. योग्य ऑइल गरजेपेक्षा जास्त दिवस आत राहिल्यानं जातं.

आता सविस्तर. ऑइल निवडताना लोक कंपनीच्या नावापासून सुरुवात करतात. मी क्लचपासून करतो. कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच कोरडा. मोटरसायकलमध्ये एकच ऑइल पिस्टनला, गिअरच्या दात्यांना आणि क्लचच्या प्लेटांनाही लागतं. प्लेटा त्याच ऑइलमध्ये भिजत फिरतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून. इंजिनला ती चांगली, भिजलेल्या क्लचला घातक. नव्वदच्या दशकात अशी ऑइलं वाढली आणि मोटरसायकलींचे क्लच घसरू लागले, तेव्हा जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये मोटरसायकलच्या ऑइलसाठी जासो टी ९०३ हे वेगळं मानक आणलं. डब्याच्या मागे छोट्या चौकटीत 'जासो एमए', 'एमए२' किंवा 'एमबी' असं छापलेलं असतं ते हेच. एमए म्हणजे क्लचची पकड राखणारं. त्यातच २००६ मध्ये एमए१ आणि एमए२ अशी विभागणी झाली, एमए२ ची पकड जास्त. एमबी म्हणजे घर्षण मुद्दाम कमी ठेवलेलं, ज्या गाडीत क्लच ऑइलमध्ये भिजत नाही तिच्यासाठी.

तुमच्या घरात दोन्ही जातीच्या गाड्या आहेत. स्प्लेंडर आणि क्लासिकचे क्लच ऑइलमध्ये आहेत, म्हणून एमए किंवा एमए२. अ‍ॅक्टिव्हाचा क्लच मागच्या चाकाजवळ बेल्टच्या कव्हरमध्ये कोरडा असतो, इंजिनचं ऑइल तिथे पोचतच नाही, म्हणून कंपनी १०डब्ल्यू-३० एमबी सांगते. चुकून अ‍ॅक्टिव्हात एमए पडलं तर काही बिघडत नाही, फार तर अ‍ॅव्हरेज थोडं कमी लागेल. उलटं मात्र करू नका. अ‍ॅक्टिव्हाची उरलेली बाटली स्प्लेंडरमध्ये ओतली की क्लच घसरू शकतो, मग चढावर गाडी नुसती ओरडेल, पळणार नाही. हीच क्लच घसरण्याची परीक्षा: तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ३५-४० च्या वेगाला एकदम थ्रॉटल पिळा. आवाज आणि फेरे वाढले पण काटा जागचा हलला नाही, तर प्लेटा घसरतायत. असं झालं तर ऑइल काढून योग्य ऑइल भरा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा बदला. बहुतेक वेळा क्लच ताळ्यावर येतो. नाही आला तर प्लेटा बदलायच्या.

याच कारणानं ऑइलमध्ये मिसळायच्या त्या 'इंजिन ट्रीटमेंट'च्या छोट्या बाटल्या मी मोटरसायकलला लावू देत नाही. एमए२ चं ऑइल विकत घ्यायचं आणि वरून त्यात निसरडेपणा ओतायचा, याला काय म्हणावं?

आता आकड्यांकडे. '१०डब्ल्यू-३०' मधला पहिला भाग थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. १०डब्ल्यूची थंडीतली मुख्य चाचणी उणे २५ अंशाला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे पौष महिन्यात कणकुंबीला कितीही हुडहुडी भरली तरी पारा शून्याच्या आसपासही जात नाही. म्हणजे थंडीत ऑइल गोठेल ही भीती दोन्हींत नाही. तरी पहाटे पहिल्या किकला पातळ ऑइल इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, म्हणजे हेडपर्यंत लवकर पोचतं, एवढा फरक खरा. दुसरा आकडा महत्त्वाचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलचा जाडपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९. म्हणजे ५० चं ऑइल ३० च्या जवळपास पावणेदोन पट जाड. 'थोडं जाड' नव्हे.

स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. १०० सीसीचं, जेमतेम आठ अश्वशक्तीचं इंजिन, छोटा ऑइल पंप, बारीक वाटा. त्यात ५० चं ऑइल घातलं तर इंजिन फुटणार नाही, पण त्या आठ घोड्यांतली थोडी ताकद ऑइल ढवळण्यातच जाईल. सकाळी गाडी जड लागेल, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही उतरतील. मग घाटाचं काय? दुकानदाराचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. चोर्ल्याच्या चढावर दुधाचे कॅन लादून दुसऱ्या गिअरला चढवलं तर ऑइल तापतं आणि पातळ होतं. पण कंपनीनं ३० चा आकडा ठरवताना ते धरलेलं आहे. राजस्थानात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथेही हीच गाडी याच ग्रेडवर चालते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, आपला उन्हाळा त्यामानानं सौम्यच. आणि तुमची गाडी दिवसाला चोर्ला नव्हे, डेअरी करते. तिला ऑइल तापण्याचा नाही, न तापण्याचा त्रास आहे. त्याकडे येतोच.

जाड ऑइलला मी एकाच ठिकाणी होकार देतो. जुनी, भरपूर चाललेली गाडी, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सकाळी निळसर धूर, दर महिन्याला ऑइल खाली. सिलेंडरच्या बोअरचं काम काढायला आत्ता पैसे नाहीत, उसाचं बिल आलं की करू म्हणतात. अशा स्प्लेंडरला २०डब्ल्यू-४० एमए घालून काही महिने काढता येतात. ती मुदतवाढ आहे, दुरुस्ती नव्हे. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाला ही सवय लावू नका.

क्लासिक ३५० ची गोष्ट निराळी. २०१७ ची म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं जुन्या पिढीचं युनिट इंजिन. तिला १५डब्ल्यू-५०, एपीआय एसएल (ही ऑइलच्या दर्जाची अक्षरं), जासो एमए लागतं. दुकानदाराच्या २०डब्ल्यू-५० च्या सगळ्यात जवळ हीच गाडी येते. गरम झाल्यावर दोन्ही ५० च. अडीअडचणीला एमए छापलेलं २०डब्ल्यू-५० घातलं म्हणून काही होणार नाही, पण मुद्दाम घ्यायचं कारणही नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे ते ऑइलच्या दाबावर स्वतःची जागा घेतात. फार दिवस उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर इंजिनच्या हेडमध्ये टकटक येते ती बहुधा यांचीच, ऑइल भरेपर्यंत. थोड्या वेळात थांबली तर काळजी नको. तापल्यावरही थांबत नसेल तर पहिला संशय कमी पातळीवर किंवा घाणेरड्या ऑइलवर घ्यायचा, टॅपेटवर नाही. लोक थेट टॅपेटचा खर्च काढतात.

फिल्टरकडे वळू, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. स्प्लेंडरला बाजारात मिळतो तसला कागदी ऑइल फिल्टर नाही, एवढं तुमच्या मेकॅनिकचं खरं. पण गाळणी नाही असं नाही. दोन आहेत. एक साधी तारेची जाळी, उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत खालच्या अंगाला. ती मोठा कचरा अडवते: गास्केटचे तुकडे, क्लच प्लेटचा भुसा. दुसरी जास्त हुशार. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक छोटी वाटी इंजिनच्या फेऱ्यांनी गरगर फिरते. ऑइल तिच्यातून जातं, जड धातूचे कण आणि काजळी बाहेरच्या भिंतीला चिकटतात, स्वच्छ ऑइल मधून पुढे जातं. हा सेंट्रिफ्यूगल फिल्टर. कागद नाही म्हणून दर वेळी काही विकत घ्यावं लागत नाही. पण तो साफ करावा लागतो, आणि तो उघडायचा तर उजवं कव्हर काढावं लागतं, पॅकिंग नवीन लागतं, अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून नाक्यावरचे बरेच गॅरेजवाले 'याला फिल्टर नसतो' म्हणून ऑइल बदलून गाडी हातात देतात. आठ-दहा वर्षं न उघडलेली वाटी मी उघडतो तेव्हा भिंतीला काळा चिखल इतका घट्ट बसलेला असतो की लाकडी काडीनं खरवडावा लागतो. वाटी भरली की नवा कचरा धरायला जागा उरत नाही, मग तो बेअरिंग आणि कॅमकडे जातो.

तेव्हा मेकॅनिकला 'फिल्टर टाकला का' असं विचारू नका, 'वाटी आणि जाळी काढून साफ केली का' असं विचारा. दर दोन-तीन ऑइलमागे एकदा पुरे. वाटी साफ करताना चिंध्यांचे धागे आत राहू देऊ नका, पेट्रोलमध्ये बुडवलेला स्वच्छ सुती कपडा वापरा. आणि जुनं पॅकिंग सिलिकॉन लावून परत बसवू नका. आत पिळून आलेला सिलिकॉनचा तुकडा तुटून नेमका जाळीवर जाऊन बसतो.

क्लासिकला खरा कागदी फिल्टर आहे, इंजिनच्या उजव्या बाजूला छोट्या कव्हरखाली. फिल्टरवरची रबरी ओ-रिंग नवीनच घाला. जुनं काढताना रिंग कव्हरला चिकटून मागे राहते आणि नवीन तिच्यावर बसवली जाते. मग कव्हरमधून ऑइल पाझरतं आणि लोक बोल्ट आवळत बसतात. जुना फिल्टर कुठल्या बाजूनं आत होता ते काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत फिल्टर उलटा बसला तर ऑइलची वाट बंद होते आणि इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. अशा फिल्टरवर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं.

फिल्टर घेताना काय बघावं? कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर असाव्यात, दोन्ही टोकांना डिंक सलग लागलेला असावा, रबर बोटानं दाबून परत वर यावं. डुप्लिकेट फिल्टर ओळखायला एवढं बहुतेक वेळा पुरतं. कागदी फिल्टर पूर्ण तुंबला तर बायपासची वाट उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनाला जातं. कोरडं पडण्यापेक्षा घाण बरी, हा त्यामागचा हिशेब. पण म्हणजे तुंबलेला फिल्टर तुम्हाला आवाज देऊन सांगत नाही. क्लासिक वर्षाला एकदाच ऑइल पाहते, मी तिला दर ऑइलला फिल्टर टाकतो. एका फिल्टरच्या पैशांत वाचवण्यासारखं काही नाही.

अ‍ॅक्टिव्हाला कागदी फिल्टर नाही, जाळी आहे, ती ऑइल काढताना धुऊन घ्यायची. मागच्या चाकाचं गिअर ऑइल वेगळं असतं, लोक ते विसरतात. बस, तिचं एवढंच. रोज खानापूरपर्यंत तापून जाते-येते, तुमच्या घरातली सगळ्यात सुखी गाडी तीच.

आता मलई. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटेल, पण पेट्रोलमधला हायड्रोजन जळून पाणीच होतो. वाफेच्या रूपात बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. पावसाळ्यात थंड सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं ते हेच. थोडी वाफ रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं नीट तापलं की ती पुन्हा उडून ब्रीदरच्या नळीतून बाहेर जाते. दोन-तीन किलोमीटरमध्ये ऑइल नीट तापतच नाही. गाडी बंद, वाफ थंड होऊन पाणी, पाणी ऑइलमध्ये घुसळलं जाऊन मलई. ती आधी झाकणाखाली दिसते, कारण तो भाग सगळ्यात थंड. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोलही भिंतीवरून खाली येतं आणि ऑइल पातळ करतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. आपल्याच ऊसपट्ट्यातलं असेल, हरकत नाही, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि थंड इंजिनात पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं. त्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीवर शेवाळ धरतं तिथे ऑइलची काय कथा.

मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक घाबरतात, 'हेड गास्केट गेलं, कूलंट ऑइलमध्ये आलं.' ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांचं. स्प्लेंडर हवेवर थंड होते, तिच्यात कूलंटच नाही, मग येणार कुठून? तरी एक तपासणी करा. झाकण पुसून घ्या, एके दिवशी गाडी बेळगावपर्यंत नेऊन आणा, मग डिपस्टिक, म्हणजे झाकणाला जोडलेली ऑइलच्या पातळीची पट्टी बघा. मलई फक्त झाकणालाच होती आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी किंवा काळं असेल तर काही झालेलं नाही. डिपस्टिकवरच दुधाळ दिसलं तर ऑइल बदला. बदलूनही पंधरवड्यात पुन्हा दुधाळ झालं तर ब्रीदरची नळी तुंबलीय का बघा. मातीनं आणि कुंभारीण माशीच्या घरट्यानं ती बंद झालेली असते.

यातून पुढचा हिशेब निघतो. तुमची स्प्लेंडर दिवसाला दहा-बारा किलोमीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम चार हजार. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा बघत बसलात तर दीड वर्ष तेच ऑइल आत राहील. तुमच्यासाठी किलोमीटर नाही, दिनदर्शिका. वर्षाला दोन बदल: एक मृगाच्या आधी, दुसरा दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालताच, त्या आठवड्यातच पावसाळ्यातलं पाणी धरलेलं ऑइल काढून टाकायचं. दोनांपैकी एकच करणार असाल तर दसऱ्याचा करा. आणि आठवड्यातून एकदा गाड्यांची अदलाबदल करा. वहिनींनी खानापूरला स्प्लेंडर नेली नाही तरी बाजारहाट त्या गाडीवर होऊ दे. त्या एका फेरीत आठवड्याचं पाणी उडून जातं. कुठल्याही महागड्या ऑइलपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

पावसाळ्याचंच आणखी एक. नाल्याच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर किक मारू नका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात चिकोडी-निपाणीपासून गोकाकपर्यंत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाडीत बिघाड बहुतेक पाण्यानं होत नाही, पाणी ओसरल्यावर 'चालू होते का बघू' म्हणून मारलेल्या किकनं होतो. आधी ऑइल आणि पाणी खाली सोडा, प्लग काढून सिलेंडर रिकामा करा, एअर बॉक्स उघडा, मग साधं स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ चालवून काढा. दुधाळ निघायचं थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर अगदी शेवटी.

भावाच्या क्लासिकला पाण्याचा त्रास वेगळ्या वाटेनं होतो. महिनोन् महिने उभी राहते. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओल असते, ती बेअरिंगवर बसून राहते. म्हणून ऑइल भाऊ आल्यावर नाही, जाताना बदला. सुट्टी संपत आली की गाडी तापवून जुनं ऑइल काढा, नवीन ऑइल आणि फिल्टर टाका, पाच-दहा किलोमीटर फिरवा, मग ताडपत्री. आल्यावर नवीन ऑइल घालून जाताना तेच आत सोडून जाणं हे बरोबर उलटं आहे, आणि बहुतेक फौजी तेच करतात. मधल्या काळात कुणी 'इंजिन ऐकायला' म्हणून पाच मिनिटं जागेवर सुरू करून बंद करत असेल तर त्याला थांबवा. त्यानं फक्त पाणी वाढतं. चालवायची तर नीट अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका. भाऊ आल्यावर पहिल्यांदा किल स्विच बंद ठेवून दहा-बारा किका मारा, ऑइल वर चढू दे, मग सुरू करा. ऑइल किलोमीटर न झाले तरी वर्षातून एकदा बदलायचंच.

सिंथेटिक घ्यावं का? स्प्लेंडरला तुमच्या वापरात नको. सिंथेटिकचा फायदा जास्त तापणाऱ्या, जास्त फेऱ्यांच्या इंजिनात आणि लांबच्या प्रवासात. तुमच्याकडे ऑइल थकण्याआधी ओलं होतं, आणि ओल सिंथेटिकलाही सोडत नाही. साधं मिनरल १०डब्ल्यू-३० एमए२ वेळेवर बदललेलं बरं. क्लासिकला सेमी-सिंथेटिक घातलं तर ठीक. 'सेमी' म्हणजे किती टक्के हे डब्यावर लिहिलेलं नसतं, तेव्हा त्या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजू नका. मिनरलवरून सिंथेटिकवर गेलं की परत येता येत नाही, ही दंतकथा. येता येतं. एपीआयची अक्षरं एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी पुढे सरकतात तशी नवी. मॅन्युअलमध्ये एसएल सांगितलं असेल तर एसएन चालतं, पण जासोची चौकट आधी बघा. कारसाठीचा एसपीचा डबा कितीही नवा असला तरी त्यावर एमए नसेल तर मोटरसायकलला नको.

ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० घरात बादलीनं असतं म्हणून तेच मोटरसायकलला ओतणारेही आपल्याकडे आहेत. क्लच लगेच घसरेल असं मी म्हणणार नाही, कारण डिझेलच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं फारशी नसतात. पण ते या क्लचवर तपासलेलं नसतं, आणि डिझेलच्या काजळीसाठी घातलेल्या रसायनांची राख छोट्या पेट्रोल इंजिनात प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसते. रस्त्यात बंद पडलात आणि दुसरं काही मिळत नसेल तर गावापर्यंत यायला घाला.

डुप्लिकेट डब्यांबद्दल एवढंच: झाकणाची रिंग तुटलेली नको, बॅच नंबर आणि तारीख बाटलीवर ठळक छापलेली हवी, क्यूआर असेल तर दुकानातच स्कॅन करा. आणि आपली रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला खिळ्यानं भोक पाडा. भोक नसलेल्या बाटल्याच परत भरल्या जातात.

हे घरी करायचं का, असंही तुम्ही विचारलंय. स्प्लेंडरचं ऑइल जरूर घरी बदला, वाटी पहिल्यांदा गॅरेजमध्ये बघून घ्या. गाडी मेन स्टँडवर, इंजिन कोमट. ड्रेन बोल्टचं वायसर दर वेळी नवीन. बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत. १००-१५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना २५-३० न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे छोट्या पान्यानं मनगटाचा जोर. आटे गेलेच तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर नवे आटे बसवून मिळतात, म्हणून एम-सील लावून झाकू नका. भरल्यावर दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून बघा. स्प्लेंडरची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. फिरवून बघितली तर पातळी जास्त दिसते आणि ऑइल कमी भरलं जातं. जास्तही भरू नका, वरच्या खुणेच्या पुढचं ऑइल ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये जातं. क्लासिकला काचेची खिडकी आहे, गाडी सरळ उभी धरून बघा, साइड स्टँडवर नाही.

एअर फिल्टरचंही त्याच वेळी बघा. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागून जाताना जी लाल धूळ नाकात जाते तीच इंजिनातही जाते, आणि गळक्या एअर बॉक्समधून आलेली धूळ कुठलाही ऑइल फिल्टर पूर्ण अडवू शकत नाही. स्प्लेंडरचा एअर फिल्टर नव्या पद्धतीचा, तेलकट कागदाचा असेल तर त्याला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बदला.

काढलेलं जळकं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. सेंट्रिंगच्या पत्र्यांना लावायला मागणारे येतील, त्यांना दिलं तरी एक वेळ चालेल. ओढ्यात सोडू नका. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून तुमच्याच भागातून खानापूरला जाते.

खरेदीची यादी अशी: स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० एमए किंवा एमए२ ची ९०० मिलीची बाटली, अ‍ॅक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० एमबीची ८०० मिलीची, क्लासिकला १५डब्ल्यू-५० एमएचा अडीच लिटरचा डबा, कागदी फिल्टर आणि ओ-रिंगा. स्प्लेंडरसाठी उजव्या कव्हरचं पॅकिंग आणि ड्रेनचं वायसर वेगळं मागून घ्या, दुकानदार स्वतःहून देत नाही.